ठिपक्याला ठिपका

माझा धाकटा भाऊ गवत कापायच्या मशीनच्या मोटरी दुरुस्त करतो. सगळ्याच नाही, ज्यांच्या आतला चुंबक सुटलाय तेवढ्याच. दुसरं काही घेऊन कोणी आलं तर तो मान हलवतो आणि पुन्हा खाली बघतो. गिऱ्हाइकाने समजायचं ते समजून घ्यावं. घरात त्याला लहानपणापासून घुम्या म्हणतात. साठी उलटली तरी त्यात कोणाला बदल करावासा वाटलेला नाही. त्याने स्वतः तक्रार करायचा प्रश्नच नाही, त्यासाठी तोंड उघडावं लागतं.

हे काम काय असतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको. मोटर म्हणजे एक लोखंडी नळकांडं. त्याच्या आतल्या भिंतीला समोरासमोर दोन चुंबक चिकटवलेले असतात, कौलासारखे वाकलेले, काळे, दिसायला अगदीच मामुली. त्यांच्या मधे तांब्याची तार गुंडाळलेलं आर्मेचर फिरतं. लोक ओल्या गवतात मशीन फिरवतात आणि तसंच नेऊन कोपऱ्यात उभं करतात. मग आत गंज धरतो, गंज गोंदाला उचलतो आणि एक दिवस चुंबक भिंत सोडतो. मशीन नुसतं खरखरतं, नाहीतर जागच्या जागी अडतं. लोक म्हणतात मोटर जळली. जळलेली नसते.

मग ती उघडायची. गंज खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, थिनरने पुसायचं. दोन ट्यूबांमधला गोंद सारखा मिसळून चुंबक जागेवर बसवायचा, दोन्ही चुंबकांच्या मधल्या फटीत लाकडी पाचरी घालायच्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. पाचरी म्हणजे कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, मधून फोडलेले. ही युक्ती वहिनीची. म्हणजे त्याच्या बायकोची.

यात घोळ होण्यासारखी जागा एकच आहे. दोन चुंबक दिसायला जुळे असले तरी एकाची आतली बाजू उत्तर असते, दुसऱ्याची दक्षिण. त्यांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. आवाज तोच, जोर तोच, फक्त दिशा उलटी. म्हणून सुटलेला चुंबक साफ करायला बाहेर काढण्याआधी खूण करतात. एका चुंबकावर एक ठिपका, आणि तो चुंबक ज्या जागी आहे तिथे नळकांड्याच्या काठावर दुसरा. परत बसवताना ठिपक्याला ठिपका. दुकानाचा हा पहिला नियम. दुसरा नियम म्हणजे तारांना हात लावायचा नाही, कारण त्यांची अदलाबदल झाली तरीही दिशा उलटते. लाल तार लालच्या जागी, काळी काळीच्या जागी. मिस्त्रीने तारा बदलल्या तर पुढच्या माणसाला काही कळत नाही, असं घुम्याचं म्हणणं. हे म्हणणं मला वहिनीकडून कळलेलं आहे.

ठिपका वहिनी द्यायची, लाल नेलपॉलिशचा. स्वतःच्या नखांना तिने ते कधी लावलं नाही. मोटरींना मात्र आयुष्यभर लावलं.

गोंद वाळला, मोटर बांधून झाली, की परीक्षा. बटण टेबलाच्या मागे भिंतीवर, तिथे घुम्या. मोटरीचा फिरता दांडा, ज्यावर पातं बसतं, तो टेबलाच्या पुढच्या बाजूला, तिथे स्टुलावर वहिनी. तो बटण दाबायचा, ती दांड्याकडे बघायची आणि म्हणायची, "सुलट." की तो बटण बंद करायचा. दिवसभरात त्या दोघांत जे काही बोलणं व्हायचं त्यातलं निम्मं हेच असेल. मी एकदा वहिनीला म्हटलं होतं, "तुला कंटाळा येत नाही का गं? भिंतीशी संसार केल्यासारखं." ती म्हणाली, "भिंत मधेच उठून जात नाही, ताई. बरं असतं."

मागच्या थंडीत वहिनी गेली. छातीत कफ भरल्याचं निमित्त झालं. घुम्या रडला नाही. तोंड पाडून बसला असंही नाही. आठवडा व्हायच्या आत त्याने दुकान उघडलं. सगळ्यांना वाटलं, बरं झालं, सावरला. मग हळूहळू लक्षात आलं की सावरायला आधी कोसळावं लागतं, आणि हा तर जिथे होता तिथेच उभा होता, दिवा काढून घेतलेल्या खांबासारखा.

त्याची मुलगी दुसऱ्या गावी राहते. नोकरी, नवरा, घर, सगळं धड आहे तिचं. तिने मला फोन केला.

"आत्या, तू जाऊन बाबांना तयार कर. इकडे खोली रिकामी केलीये. दुकान घ्यायला एक मोबाइलवाला तयार आहे, पण त्याला महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते हवंय. बाबा तुझं ऐकतात."

"तो सगळ्यांचंच ऐकतो. करत काही नाही."

"थट्टा नको गं. मी विचारते, जेवलात का? म्हणतात, हो. काय जेवलात? म्हणतात, जेवलो. उद्या तिथे काही झालं तर कोणाला कळणारसुद्धा नाही. शेजारच्या शिंपीणबाईंना मी सांगून ठेवलंय लक्ष ठेवायला. पण असं किती दिवस चालणार?"

तिचं काही चुकत नव्हतं. मी बॅग भरली.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली, मागे आणखी एक, तिच्यामागे स्वयंपाकाला म्हणतात तेवढी जागा. दारापासून टेबलापर्यंत मशिनी उभ्या, दांडे वर केलेल्या. भिंतीवर चिमट्यांचा डबा, ट्यूबांचं खोकं, एक होकायंत्र, आणि खिळ्याला टांगलेला वहिनीचा चष्मा. तो तिथे मुद्दाम ठेवलाय असं काही नव्हतं. कोणी काढला नव्हता, एवढंच.

पहिल्याच दिवशी मी भात आणि अंडी केली आणि भातात मीठ घालायला विसरले. माझा पहिला घास तोंडातच राहिला. घुम्याचं ताट तोवर अर्धं झालं होतं.

"अरे, मीठ नाहीये यात."

"हं."

"तुला कळलं नाही?"

"कळलं."

"मग बोलायचं नाही?"

तो जेवत राहिला. मी उठून मीठ आणलं, माझ्यावर घातलं, त्याच्यावर घातलं. त्याने तेही खाल्लं.

"लेकीकडे जाणार आहेस की नाही?" मी विचारलं. मला ताटकळत बसणं जमत नाही.

"बघू."

"काय बघणार आहेस?"

"काय ते."

"महिनाअखेर जवळ आली. त्या मोबाइलवाल्याला काय सांगायचं?"

"सांगू काहीतरी."

असं रोज. सकाळी तो उठायचा, चहा प्यायचा, मोटर उघडायचा. काम नीट करायचा, निदान मला तसं दिसत होतं. गोंद सारखा मिसळायचा, पाचर सरळ बसवायचा, बाहेर आलेला गोंद चिंधीने पुसायचा. त्याच्या तोंडावर मात्र काही नसायचं. ना दुःख, ना वैताग. शेजारची शिंपीण दुपारी काम बाजूला ठेवून दारात यायची. तोंडाने फटकळ बाई, पायाखालचं शिलाई मशीन बंद असलं तरी जीभ चालू.

"ताई, तुमच्या भावाशी बोलायचं म्हणजे बंद रेडिओला कान लावून बसायचं," ती म्हणायची. "वहिनी होत्या तेव्हा निदान एक शब्द तरी ऐकू यायचा भिंतीपलीकडून. सुलट, सुलट. मला वाटायचं, मलाच सांगतायत. शिवण उलटी तर नाही ना पडली म्हणून बघायची मी."

घुम्या ऐकत होता की नाही, देव जाणे. त्याने बटण दाबलं, मोटर घुमली, थोडा वेळ घुमत राहिली, त्याने बटण बंद केलं. त्या वेळी मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग एका सकाळी शाळेच्या मैदानाचा माळी मशीन ढकलत आला. रस्त्याच्या पलीकडून त्याचा आवाज आला, मग तो आला. उंच, आडवा, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्याने मशीन दारात उभं केलं आणि खिशातून गवताची मूठ काढून टेबलावर ठेवली.

"मिस्त्री, हे बघा. हे कापलेलं गवत आहे का?"

मी वाकून बघितलं. प्रत्येक पातीचं टोक पिंजलेलं होतं, दातांच्या जुन्या ब्रशासारखं.

"हेडसर म्हणतात, मैदान कापलंयस की विंचरलंयस? सगळं मैदान पिवळं पडलं. बरं, त्याचं काही नाही, गवत आहे, वाढेल परत. पण पात्याचा बोल्ट सुटत आला होता. घट्ट केला, परत सुटला. मला शंका आली म्हणून थांबलो. आणखी एक चक्कर मारली असती तर पातं माझ्या नडगीत. बूट रबराचा आहे, लोखंडाचा नाही."

घुम्याने मशीन आडवं केलं, पातं काढून बाजूला ठेवलं, वायर लावली आणि बटण दाबलं. मग कधी नव्हे ते टेबलाला वळसा घालून पुढे आला आणि दांड्याकडे बघितलं.

"उलट," तो म्हणाला.

"उलट म्हणजे?"

"उलटी फिरतेय. धार मागे राहते. बोल्ट सुटतो."

"तुम्ही बघून दिली नव्हती?"

घुम्याने जाऊन बटण बंद केलं. माळी माझ्याकडे बघायला लागला. शिंपीण तोवर दारात आलेली होतीच.

"ठेवून जा," घुम्या म्हणाला. "उद्या या."

माळी भांडखोर नव्हता. तो म्हणाला, "वहिनी गेल्या हे माहीत आहे मला, मिस्त्री. म्हणून हेडसरांना मी दुसरंच काहीतरी सांगितलं. पण माझी नडगी मला लागते हो." आणि गेला.

ही बातमी माझ्या भाचीपर्यंत मी चहा ठेवून तो उकळायच्या आत पोचली. शिंपिणीला लक्ष ठेवायला सांगितलं होतं, तिने ठेवलं.

"आत्या, आता तरी पटलं ना?" भाची फोनवर म्हणाली. "मी कधीच म्हटलं नाही की बाबांचं काम वाईट आहे. पण आज माळी वाचला, उद्या कोणाचा पाय जाईल. मग काय करायचं? मी उद्या येते. खोकी घेऊन येते."

"ये," मी म्हटलं. मलाही पटलं होतं. ज्याला मीठ नसलेलं कळतं पण सांगावंसं वाटत नाही, त्याच्या हातात फिरतं पातं देऊ नये. इतकं सरळ होतं ते.

दुपारी घुम्याने माळ्याच्या मशीनची मोटर उघडली. मला दुसरं काही काम नव्हतं म्हणून मी पुढच्या स्टुलावर जाऊन बसले. वहिनीच्या. आर्मेचर बाहेर आलं, मी नळकांड्यात डोकावले. दोन्ही चुंबक घट्ट बसलेले. एकावर ठिपका, आणि त्याच्या बरोबर वर काठावर ठिपका. लाल नव्हे, गुलाबी.

"ठिपक्याला ठिपका तर आहे," मी म्हटलं.

"आहे."

"मग उलटी कशी फिरते?"

तो चिंधीने हात पुसत राहिला. बराच वेळ. मी थांबले. मला थांबवत नाही, तरी थांबले.

"ठिपका चुकीचा दिलेला आहे," तो म्हणाला.

"कोणी?" असं मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

पुढचं सगळं मी त्याच्याकडून ओढून काढलं, विहिरीत पडलेली बादली काढावी तसं. एकेक वाक्याला दोन-दोन प्रश्न. इथे सरळ सांगते.

शेवटच्या वर्षी वहिनीचं विसरणं सुरू झालं होतं. मोठं काही नाही. गॅसवर भांडं राहायचं, किल्ली हातात असून किल्ली शोधायची. आणि ठिपके चुकायला लागले. एका चुंबकावर ठिपका द्यायची, ब्रश बाटलीत बुडवायची, आणि तेवढ्यात काठाच्या दुसऱ्याच बाजूला टेकवायची. सगळ्या मोटरींत नाही, काहींत. लाल बाटली त्याच सुमाराला संपली होती आणि ती जाऊन गुलाबी घेऊन आली होती. लालच हवं होतं, पण दुकानात गेल्यावर आठवलं नाही.

"तू काय केलंस?"

"ती झोपायला गेली की बसवायचो नीट."

"आणि ठिपका?"

"तसाच ठेवायचो. ती बघायची ना मग, वाकून. ठिपका आहे एवढंच बघायची."

"आणि बटण दाबल्यावर?"

"ती म्हणायची सुलट. न बघताच म्हणायची. ती उठून गेली की मी परत लावून बघून घ्यायचो."

म्हणजे ते वर्षभर तिने चुकीच्या खुणा दिल्या, त्याने मोटरी बरोबर दिल्या, आणि तिला पत्ता लागू दिला नाही. माळ्याची मोटर त्यातलीच होती. वहिनी गेल्यावर गोंदाने पुन्हा दगा दिला, या वेळी दोन्ही चुंबक सुटून एकमेकांना चिकटले होते, तेव्हा कोण कुठला ते सांगायला त्या ठिपक्यांशिवाय काही उरलं नव्हतं. आणि बघून ‘सुलट’ म्हणायला स्टुलावर कोणी नव्हतं. हा नुसता आवाज ऐकायचा. आवाज दोन्हीकडून सारखाच.

"पण ठिपका गुलाबी आहे, हे तुला दिसलं नव्हतं?" मी विचारलं. "गुलाबी म्हणजे गडबड, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत?"

"दिसलं."

"मग?"

त्याने चिंधी घडी करून ठेवली.

"म्हटलं, एकदा तिचं ऐकावं."

मी उठून चहा ठेवायला गेले. आले तेव्हा तो तिथेच होता, नळकांडं हातात धरून. तोंडावर तेच, म्हणजे काहीच नाही. कोणी दुरून बघितलं असतं तर म्हणालं असतं, मिस्त्री कामात आहे.

"आणखी आहेत," तो म्हणाला. मी विचारलंही नव्हतं. "बाहेर. येतील परत."

"मग येऊ देत. दुसरा कोणीतरी करेल दुरुस्त. या गावात काय तू एकटाच आहेस?"

"दुसरा ठिपका बघून लावेल. उलटी फिरली की म्हणेल, कोण मूर्ख होता." मग थोड्या वेळाने म्हणाला, "मूर्ख नव्हती ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची आली. पुठ्ठ्याची खोकी घडी करून काखेत, खांद्याला पिशवी, तोंडावर प्रवासाचा शीण. आल्या आल्या तिने बापाला वाकून बघितलं, तापलेल्या मुलाला बघतात तसं.

"बाबा, मी आज परत जाणार आहे आणि तुम्ही माझ्याबरोबर येणार आहात. कपडे आधी भरू. मोबाइलवाल्याला मी संध्याकाळी फोन करते."

घुम्या म्हणाला, "चहा घे."

"चहा घेते, पण मला आज ‘बघू’ नकोय. हो म्हणा."

मी मधे पडले. मधे पडायची मला सवय आहे. म्हटलं, "तुझ्या आईबद्दल काहीतरी आहे, ते आधी ऐक." आणि मी सांगितलं. खोक्याची एक बाजू उघडून धरलेली, तशीच ती उभी होती.

"आईला असं काही होत होतं? वर्षभर?" ती म्हणाली. "रोज फोनवर बोलायची ती माझ्याशी. मला कोणी सांगितलं का नाही?"

"तिलाही सांगितलं नव्हतं," घुम्या म्हणाला.

भाची खोक्यावर बसली. खोकं दबलं. मग ती म्हणाली, आवाज खाली आणून, "बाबा, मला वाईट वाटतंय. पण माळ्याचा पाय गेला असता."

"गेला असता," तो म्हणाला.

"मग त्याला उत्तर काय?"

तो टेबलाशी गेला आणि कैय्या तापायला ठेवला, म्हणजे तारा जोडायचं ते गरम सळईचं हत्यार. मला वाटलं, चुंबक काढणार. गोंद एकदा पक्का झाला की चुंबक काढताना हटकून तुकडे पडतात. ते त्याने केलं नाही. मोटरीच्या मागच्या टोपणावर वाकला, लाल तारेचा सांधा वितळवून ती सोडवली, मग काळी. दोन्ही हवेत लोंबायला लागल्या.

भाची उठून उभी राहिली. "बाबा, तुम्ही तारेला हात लावत नाही."

"हं."

लहानपणापासून याच टेबलाखाली खेळलेली मुलगी ती. दोन्ही नियम तिला पाठ होते. तिने बघितलं, लाल तार काळीच्या जागी गेली, काळी लालच्या. सांध्याचा डाख थंड झाला. घुम्याने टोपण बसवलं, स्क्रू पिळले, मोटर टेबलावर आडवी ठेवली, दांडा पुढे करून. आणि बटणापाशी गेला.

मोटर घुमली. तो भिंतीपाशी उभा होता, बोट बटणावर. बंद करत नव्हता. आवाज चालूच. मी भाचीकडे बघितलं. ती पुढच्या बाजूला उभी होती, स्टुलाला टेकून. तिला कळायला थोडा वेळ लागला की तो कशासाठी थांबलाय.

ती वाकली, दांड्याकडे नीट बघितलं.

"सुलट," ती म्हणाली.

त्याने बटण बंद केलं.

"आता तिचं बरोबर आहे," तो म्हणाला. "ठिपक्याला ठिपका लागतो, आणि सुलट फिरते. पुढे कोणीही उघडली तरी."

भाचीने नाक पुसलं. रडली का ते मी बघितलं नाही. तिने खोक्याची दबलेली बाजू हाताने सरळ केली, मग पुन्हा दुमडली.

"अशा जितक्या येतील तितक्या करायच्या आहेत का तुम्हाला?"

"हं."

"आणि पाय?"

एवढ्यात दारातून आवाज आला. शिंपीण केव्हापासून तिथे होती कोण जाणे. "बघायलाच कोणीतरी हवंय ना? मी बघते. माझं चाक उलटं फिरलं तर दोरा तुटतो. दिवसभर तेच बघते मी. बटण दाबायच्या आधी भिंतीवर थाप मारायची भाऊंनी, मी येते. मी सुलट म्हटल्याशिवाय मशीन दाराबाहेर जाणार नाही. आणि मी बघितल्याशिवाय म्हणणारी बाई नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"तुम्ही पोहोचवलीत ना कालची बातमी?" मी म्हटलं.

"मग? मला सांगितलं होतं लक्ष ठेवायला."

भाचीला यावर समाधान झालं असं मी म्हणणार नाही. तिने माळी येईपर्यंत वाट बघितली. स्वतःच्या डोळ्यांनी पातं बसवलेलं बघितलं, मशीन दारात चालवून बघितलं, माळ्याच्या बुटापासून ते किती लांब आहे तेही बघितलं. मग म्हणाली, "बाबा, खोली रिकामीच ठेवते मी. भरत नाही." घुम्या म्हणाला, "बरं." तिने मोबाइलवाल्याला नाही म्हणून कळवलं आणि संध्याकाळच्या आधी निघाली. खोकी नेली नाहीत. त्यांत आता सुट्या मोटरी ठेवलेल्या असतात.

मीही दोन दिवसांनी निघाले. निघताना मला वाटलं होतं, आता तरी काही बोलेल. बॅग गाडीपर्यंत आणून दिली, वर ठेवली आणि वळून गेला. त्याच्यात काही फरक पडला होता असं मला दिसलं नाही. जेवत होता, झोपत होता, मोटरी उघडत होता. कोणी विचारलं तर मी सांगते, ठीक आहे. हे खरंही आहे आणि त्यात काही अर्थही नाही.

उन्हाळा लागल्यावर त्याचा फोन आला. घुम्या आपणहून फोन करत नाही. वहिनी गेली तेव्हासुद्धा शिंपिणीने केला होता.

"काय रे? काय झालं?"

"काही नाही."

मी थांबले. मागे मोटर घुमत असल्याचा आवाज येत होता, मग बंद झाला. मग भिंतीपलीकडच्या शिलाई मशीनचा.

"आज एक आली होती," तो म्हणाला. "गुलाबी."

"मग? तारा फिरवल्यास?"

"नाही. तशीच बसवली. बाईंनी बघितलं. मीही बघितलं." मग जरा वेळाने, "ही तिने बरोबर दिली होती."

"बरं," मी म्हटलं.

तो फोन धरून होता. मीही धरून होते.

"जेवलास का?" मी विचारलं.

"हो."

"काय जेवलास?"

"जेवलो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.